दारेसलामला प्राडो घेताय? आधी खाली वाका

मुंबईहून नोकरीसाठी पूर्व आफ्रिकेत गेलेल्या माणसाचा पहिल्या महिन्यातला प्रश्न ठरलेला असतो: टोयोटाची दणकट एसयूव्ही, प्राडो, घेऊ का? दारेसलाम (टांझानिया), नैरोबी (केनिया), कंपाला (युगांडा), लुसाका (झांबिया), कुठेही जा, रस्त्यावर जपानहून आलेल्या जुन्या टोयोटाच जास्त. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडून, त्यामुळे परकं वाटत नाही. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’ म्हणतात आणि लाल मातीच्या कच्च्या रस्त्याला तिकडे ‘मरम’. मुरूम माहीत असलेल्याला तो सांगावा लागत नाही. गाड्या भरपूर मिळतात. घोटाळा होतो तो लोक मॉडेल आणि रंग बघून पैसे भरतात आणि इंजिन कुठलं हे गाडी दारात आल्यावर विचारतात म्हणून.

चेसिस नंबरची पहिली अक्षरं बघा, त्यातच इंजिन असतं. केडीजे१२० म्हणजे तीन लिटर डिझेल, १केडी नावाचं इंजिन. टीआरजे म्हणजे २.७ पेट्रोल, २टीआर. जीडीजे१५० म्हणजे २.८ डिझेल, १जीडी. जपानमध्ये टोयोटाने डिझेल प्राडो २००७ साली बंद केली आणि जून २०१५मध्ये १जीडी घालून परत आणली. मधल्या काळात तिथल्या बाजारासाठी बनलेली प्राडो पेट्रोलवरचीच. त्यामुळे कुणी ‘२०११ची जपानी डिझेल प्राडो’ दाखवली, तर एकतर ती दुसऱ्या देशातून आलेली आहे किंवा इंजिन बदललेलं आहे. दोन्हींत लगेच काही वाईट नाही, पण उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.

मुंबईकराला इथे एक फायदा आहे आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडची जुनी तीन लिटर फॉर्च्युनर म्हणजे १केडी. २०१६नंतरची २.८ फॉर्च्युनर म्हणजे १जीडी. इनोव्हा क्रिस्टाचं २.७ पेट्रोल म्हणजे २टीआर. म्हणजे तिन्ही इंजिनं अंधेरी-ठाण्यातल्या कुठल्याही बऱ्या टोयोटा मिस्त्रीने शेकडो वेळा उघडलेली असतात. जाण्याआधी अर्धा दिवस अशा गॅरेजमध्ये नुसतं उभं राहिलात तरी तिकडच्या फुंडीला (मिस्त्रीला तिकडे हेच म्हणतात) काय विचारायचं ते कळेल.

माझं मत विचाराल तर दारेसलामसारख्या किनाऱ्यावरच्या शहरात २.७ पेट्रोल घ्या. मंद आहे, लिटरला सात-आठ किलोमीटर देते, आणि तरी घ्या. टायमिंग चेन आहे, इंजेक्टरची भानगड नाही, आणि भेसळीचं इंधन पडलं तरी डिझेलइतका खर्च काढत नाही. नैरोबीला मात्र हिशेब बदलतो. ते शहर सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे, आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. दोन टनांची गाडी, चढ, वर पाच माणसं, मग २.७ रडते. तिथे टर्बो डिझेलला पर्याय नाही.

देशाचा नियम आधी बघा, गाडी नंतर. केनियात पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी उतरवता येत नाही. उदाहरणार्थ, २०२५मध्ये आणायची तर २०१८ किंवा नंतर नोंदलेली लागायची. युगांडात २०१८पासून मर्यादा पंधरा वर्षांची आहे. टांझानियात जुन्या गाडीला सरळ बंदी नाही, पण आठ वर्षांच्या वर जादा अबकारी कर बसतो. करही तुम्ही दिलेल्या किमतीवर लागत नाही. केनियात नव्या गाडीच्या ठरलेल्या किमतीतून घसारा वजा करून आकडा काढतात, टांझानियात महसूल खात्याच्या संकेतस्थळावर आधीच गणित करून बघता येतं. जपानमध्ये स्वस्त मिळाली म्हणून कर कमी होईल ही आशा सोडा. दक्षिण आफ्रिकेत तर जुनी आयात गाडी सामान्य माणसाच्या नावावर होतच नाही. डरबन बंदरात दिसतात त्या शेजारच्या देशांत निघालेल्या. घाना-नायजेरियात स्टिअरिंग डावीकडे लागतं, तिथे हा लेख बाजूला ठेवा.

आता लिलावाचा कागद. जपानमधल्या बहुतेक गाड्या लिलावातून येतात आणि प्रत्येकीबरोबर तपासनिसाचा एक पानी कागद असतो. तो मूळ मागा, दलालाने टाइप केलेलं भाषांतर नको. वर्ष सम्राटाच्या कालगणनेत असतं: हेइसेईच्या आकड्यात १९८८ मिळवा, रेइवाच्या आकड्यात २०१८. हेइसेई १८ म्हणजे २००६. एकूण गुण ४ किंवा ४.५ असेल तर गाडी चांगली, ३.५ वापरलेली पण चालेल, आर किंवा आरए म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली. गाडीच्या चित्रावर छोटी अक्षरं असतात: ए ओरखडा, यू पोचा, डब्ल्यू पत्र्याचं काम झालेलं, एस गंज, सी म्हणजे खाऊन गेलेला पत्रा. यू आणि ए कितीही असू देत, तिकडच्या मुरमावर महिन्याभरात दुप्पट होतील. एस आणि सी मोजा. टिपणाच्या रकान्यात ‘शितामावारी साबी’ असं लिहिलेलं असेल तर तो खालच्या बाजूचा गंज. होक्काइदोसारख्या बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि त्या मिठाने चेसिस आतून सडते. वरून गाडी काचेसारखी, खालून बिस्किट.

म्हणून खालचे फोटो मागा, निदान सहा: दोन्ही बाजूंच्या चेसिस रेल, मागच्या अॅक्सलच्या वरचा वाकडा भाग, मागच्या सस्पेन्शन आर्मचे ब्रॅकेट, स्टेपनीच्या वरची जागा, सायलेन्सर. गाडी तिकडच्या यार्डात उभी असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक, थबथब वाजलं तर सोडा. खाली सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तर ती निगा नव्हे, झाकपाक आहे.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला २६ जुलै पाहिलेल्या मुंबईकराला शिकवायची गरज नाही, पण उत्साहात विसर पडतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसते का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे कनेक्टर, कार्पेटखालचा फोम. फोम कधी खोटं बोलत नाही.

डिझेल केडीजे१२० घेत असाल तर पुढचा भाग सावकाश वाचा. १केडीच्या प्रत्येक इंजेक्टरखाली तांब्याचा एक वॉशर असतो. एकूण चार, किंमत किरकोळ. हा वॉशर गळायला लागला की जळालेला गॅस वर रॉकर कव्हरखाली (इंजिनच्या वरच्या झाकणाखाली) येतो, ऑइलमध्ये मिसळतो आणि ऑइलचं डांबर करतो. ते डांबर खाली उतरून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं. जाळी तुंबली की वर ऑइल पोचत नाही, टर्बो जातो, मग बेअरिंग. दिवा लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. चार वॉशरच्या आळसापायी पूर्ण इंजिन.

तपासणी अशी. इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण काढा आणि आतली बाजू बोटाने पुसा. पातळ काळं ऑइल चालेल, वाळून चिकटलेला खापरीसारखा थर नाही चालणार. मग गाडी चालू करून झाकण भोकावर नुसतं ठेवा. फक-फक करून उडायला लागलं तर वॉशर तरी गेलाय नाहीतर पिस्टन. थंड असताना ठोक्याचा आवाज येत असेल आणि गरम झाल्यावर जात असेल, तरी इंजेक्टरवरच संशय. स्कॅनर लावून इंजेक्टरचे फीडबॅक आकडे (कुठल्या इंजेक्टरला डिझेल कमी-जास्त करावं लागतंय ते) बघा, गरम इंजिन, आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता): चारही साधारण उणे ३ ते अधिक ३च्या आत हवेत. शेवटी ऑइल काढताना ड्रेनच्या भोकातून बोरस्कोप (वायरीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) घालून जाळी बघा. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तातला फोनला जोडायचा बोरस्कोप मिळतो, बॅगेत टाकून न्या. वॉशर बदलताना जुन्या कार्बनवर नवा वॉशर बसवला तर तो महिन्यात परत गळतो, म्हणून इंजेक्टरची बैठक कटरने साफ करायलाच हवी. दर ४०-५० हजार किलोमीटरला हे काम आपणहून करून घ्या. टायमिंग बेल्टही याच इंजिनात आहे. जुना कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

ऑटोमॅटिक गिअरच्या केडीजे१२०च्या रेडिएटरमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल थंड करायची नळी असते. आतून ती फुटली की कूलंट आणि गिअर ऑइल एकत्र होऊन गुलाबी मिल्कशेक तयार होतं, आणि पाणी क्लचप्लेटचं अस्तर सुटं करतं. थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडा. फेसाळ गुलाबी दिसलं तर विषय संपला. बघायला नीट असलं तरी दहा वर्षांपूर्वीचा मूळ रेडिएटर बदला किंवा वेगळा ऑइल कूलर लावा. नवा रेडिएटर महाग वाटला तर गिअरबॉक्सची किंमत विचारून या.

गाडी हातात आली की पहिल्या आठवड्यात सगळी तेलं काढा, विकणारा काहीही म्हणो. १केडीला फिल्टरसह सुमारे सात लिटर इंजिन ऑइल लागतं, पुढे दर पाच हजार किलोमीटरला. पुढचा-मागचा डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मिळून सात लिटर गिअर ऑइल आणून ठेवा, थोडं उरेल. प्रत्येक ठिकाणी आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का बघा आणि मगच खालचा सोडा. उलटं केलंत आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर रिकामा डिफरन्शियल घेऊन बसाल. काढलेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय: तापलेला डिफरन्शियल नदीच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि तुंबलेल्या ब्रीदरमुळे (हवा ये-जा करायच्या नळीमुळे) सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरची रबरी नळी बॉनेटपर्यंत वर न्या, तासाभराचं काम. प्रॉपेलर शाफ्टच्या सगळ्या निप्पलना (ग्रीस भरायच्या तोट्यांना) ग्रीस, दर दहा हजारला. एखादा निप्पल फुंडीच्या नजरेतून हमखास सुटतो, स्वतः मोजा. डिझेल फिल्टर पुस्तकातल्या अंतराची वाट न बघता दहा हजारला, आणि एक जादा फिल्टर गाडीत कायम.

मुरमाच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठतात. त्यांच्यावर शॉक अॅब्जॉर्बर तापून मरतात, बॅटरीचा क्लॅम्प तुटतो, कॅरिअरला चिरा जातात. रस्त्यावर ३२ पाउंड हवा असेल तर अशा लाटांवर २४-२५ करा आणि डांबर लागताच परत भरा, म्हणजे पंपही हवा. मागे एअर सस्पेन्शन असलेली जपानी प्राडो मिळाली तर ते काढून साध्या स्प्रिंगा बसवा; दुरुस्तीला माणूस मिळेपर्यंत गाडी शेपूट टेकून उभी राहते. टायर नवे दिसले तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. जपानहून कित्येक गाड्या बर्फाच्या टायरवरच येतात. ते मऊ रबर गरम डांबरावर खोडरबरासारखं झिजतं. लाल धूळ एअर फिल्टर चुकवून आत जाते का, हे बघायला फिल्टरपासून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. फडकं लाल झालं तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा पाइपाचे सांधे सील नाहीत, मग वर लावलेला ऐटबाज स्नॉर्केल (छताजवळून हवा ओढणारी नळी) फक्त शोभेचा.

१जीडीवाल्यांसाठी थोडक्यात: जपानी जीडीजे१५०मध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे आणि अॅडब्लूही (धूर साफ करणारं युरियाचं द्रावण) लागतं. पूर्व आफ्रिकेच्या देशांत २०१५मध्ये कमी गंधकाचं (५० पीपीएम) डिझेल आलं, त्यामुळे मोठ्या शहरांत चालून जातं, पण शाळा-ऑफिस-घर अशा छोट्या फेऱ्यांनी डीपीएफ तुंबतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर पळवा, आणि ऑइल डीपीएफला चालणारंच घाला.

नैरोबीत आरसे, दिवे आणि चिन्हं चोरीला जातात, म्हणून लोक आरशांवर नंबर कोरून घेतात आणि दिव्यांना रिव्हेट मारतात. गाडी घेतल्याच्या दिवशीच करा. जहाजावरून उघडी येणारी गाडी असेल तर जॅक, पाने आणि स्टेपनी बंदरावर आल्या-आल्या मोजा.

सुट्टीला मुंबईत आलात की ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून इंजेक्टर वॉशर, रॉकर कव्हर गॅसकेट, बेल्ट-टेन्शनर आणि फिल्टर आणता येतात. फक्त ‘फॉर्च्युनरचं द्या’ म्हणून घेऊ नका. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि डबीवरच्या नंबराशी जुळवा. इंजिन तेच असलं तरी फिल्टरची बैठक वेगळी असू शकते. विमानात गॅसचे शॉक अॅब्जॉर्बर आणि डिझेलचा वास येणारा जुना इंजेक्टर अडवतात, त्यामुळे इंजेक्टर दुरुस्तीला आणायचा बेत असेल तर तो पूर्ण साफ करून आणि कुरिअरवाल्याला आधी विचारूनच.

राहिला रेडिओ. जपानी एफएम ७६पासून सुरू होऊन ९०-९५ला संपतं, तिकडची बरीच स्टेशनं त्याच्या वर असतात. बँड एक्स्पांडर नावाची डबी अँटेनाच्या वायरीत लावली की येतात. काही टोयोटा सेट बॅटरी काढली की कोड मागत बसतात, तेही जपानीत. तेव्हा बॅटरी बदलताना दुसरी बॅटरी समांतर जोडून ठेवा, मगच जुनीचं टर्मिनल सोडा.