गॅट्सबीकडे घोडा नव्हता

परवा 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी परत वाचायला घेतली. कॉलेजात वाचली तेव्हा पार्ट्या, पलीकडच्या किनाऱ्यावरचा हिरवा दिवा आणि गॅट्सबीचं जिच्यावर प्रेम ती डेझी, एवढंच लक्षात राहिलेलं, म्हणजे थोडक्यात लव्हस्टोरी. या वेळी मात्र एका छोट्याशा सीनवर अडकलो, दीडदोन पानांचाच आहे, पण दोन दिवस डोक्यातून जाईना.

डेझीचा नवरा टॉम ब्युकॅनन, स्लोन नावाचा कोणीतरी आणि एक बाई असे तिघं घोड्यावरून रपेट करत गॅट्सबीच्या बंगल्यावर टेकतात. दोन ड्रिंक पोटात गेल्यावर ती बाई गॅट्सबीला म्हणते, चला ना आमच्याकडे जेवायला. ते 'या एकदा घरी' टाइपचं आमंत्रण, बोलायचं असतं, यायचं नसतं, पण बिचाऱ्याला ते कळतच नाही. माझ्याकडे घोडा नाही, आर्मीत असताना बसायचो, मी गाडीने मागून येतो, एवढं सांगून तो आत जातो. इकडे टॉम वैतागलेला, की हा खरंच येतोय की काय, तिला तो नकोय हे याला कळत नाही का! आणि गॅट्सबी हॅट आणि कोट घेऊन बाहेर येतो तोवर तिघंही पसार.

आता पैशाचं म्हणाल तर गॅट्सबीकडे काय कमी होतं? रोल्स रॉइस होती, दर शुक्रवारी न्यूयॉर्कहून संत्र्या-लिंबांच्या पेट्या यायच्या. पण तो पैसा दारूबंदीच्या काळात चोरून दारू विकून आलेला, अजून ओला. टॉमचा कसा, मुरलेला, लोणच्यासारखा. त्याने स्वतः काय कमावलं तर काही नाही, पण लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला साडेतीन लाख डॉलरची मोत्यांची माळ दिली. हा ऑक्सफर्डवाला कसला, गुलाबी सूट घालतो, असं तो गॅट्सबीबद्दल म्हणतो. सूटचा रंगसुद्धा पुरतो यांना! गॅट्सबीचं वेस्ट एग आणि टॉमचं ईस्ट एग यांच्यात खाडी आहे ती काही फार रुंद नाही, लेखक फिट्झजेराल्ड स्वतः 1922 ते 24 लाँग आयलंडवर ग्रेट नेकला राहिलेला, त्याने हे जवळून बघितलं असणार.

आणि या दोघांच्या खाली राखेच्या ढिगाऱ्यांत गॅरेज चालवणारा विल्सन आणि त्याची बायको मर्टल, जिची टॉमशी भानगड असते. पूर्वी मला मर्टल डोक्यात जायची. आता वाटतं, तिला तरी काय मिळालं, लग्नात नवऱ्याने घातलेला सूट उसना होता हे तिला कधी कळलं तर ज्याचा होता तो माणूस परत न्यायला आला तेव्हा, आणि टॉमकडून काय, तर फुटलेलं नाक. शेवटी तिला उडवते ती गाडी डेझी चालवत असते (1925 चं पुस्तक आहे, स्पॉयलरची तक्रार नको), गॅट्सबी ते स्वतःवर घेतो, त्यापायी मरतो, आणि टॉम-डेझी पत्ता न ठेवता गाव सोडतात.

क्लिपस्प्रिंगर आठवतोय का, गॅट्सबीच्या घरी फुकट मुक्काम ठोकलेला? अंत्यविधीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन येतो. गोष्ट सांगणाऱ्या निकला वाटतं, चला, एक माणूस तरी वाढला. तर त्याचे टेनिसचे बूट तिथे राहिलेले असतात, ते तेवढे पाठवून द्या म्हणतो. पत्ता सांगायला लागतो, निक फोन ठेवून देतो.