चलनावरचा शिक्का

भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. 2021 मध्ये एका कंपनीला कन्व्हेयरची स्ट्रक्चर्स दिली आणि 38 लाख अडकले. माल रिजेक्ट आहे हे त्यांना पाच महिन्यांनी आठवलं, तेही माझ्या तिसऱ्या स्मरणपत्रानंतर.

कोर्टात जायचं ठरवलं, तर वकील मॅडमनी पीओची, म्हणजे खरेदी ऑर्डरची, मागची बाजू वाचून दाखवली. वाद झाला तर लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडे निवाडा, ठिकाण पुणे, आणि लवाद नेमणार कंपनीचे एमडी! सात वर्षं त्याच पीओवर सह्या करत होतो, पान कधी उलटलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगितलंय. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी या ऑर्डरच्या आधीची असती तर लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे जाता आलं असतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही मागता आलं असतं. माझी नोंदणी नंतरची.

मग लवाद सुरू करायची, लवाद कायद्याच्या कलम 21 ची नोटीस दिली. तीस दिवस उत्तर नाही. लवाद नेमून द्या म्हणून कलम 11 खाली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. नुसत्या नेमणुकीत आठ महिने गेले. लवाद म्हणजे झटपट काम, असं सांगणाऱ्याने हे आठ महिनेही धरावेत. फी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीप्रमाणे ठरली: 1,51,500, आणि एकच लवाद म्हणून वर 25 टक्के, एकूण 1,89,375. निम्मी माझी.

सुनावण्या शिवाजीनगरला, निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या ऑफिसात. माझी उलटतपासणी दोन तास चालली. जाडी कमी, वेल्डिंग कच्चं, सगळं विचारून झालं. मग त्यांच्या खरेदी मॅनेजरची पाळी. मॅडमनी मालासोबत दिलेली चौदा डिलिव्हरी चलनं एकेक करून पुढे सरकवली. प्रत्येकावर गेटचा शिक्का, आणि तीन चलनांवर हिरव्या शाईत 'ओके' आणि सही.

"ही सही कोणाची?"

त्याने चष्मा लावला, काढला, परत लावला. "आमच्या क्वालिटीवाल्याची."

लवादांनी ते वाक्य टायपिस्टला स्वतः पुन्हा सांगितलं. शिक्का घेतल्याशिवाय माझा ड्रायव्हर गेटवरून गाडी हलवायचा नाही. उशीर होतो म्हणून मी त्याला कितीदा झापलं होतं!

निवाडा फेब्रुवारी 2024 मध्ये आला. 34 लाख आणि 12 टक्के व्याज. चार लाख गेले, कारण एका खेपेचं चलन मलाच सापडलं नाही. कंपनीने तिसऱ्या महिन्यात कलम 34 खाली कोर्टात निवाड्याला आव्हान दिलं. 2015 च्या दुरुस्तीनंतर नुसता अर्ज टाकून वसुली थांबत नाही, त्यामुळे स्थगिती हवी तर आधी पैसे भरा, असं कोर्टाने सांगितलं. भरले. त्यातले निम्मे मी बँक गॅरंटी देऊन उचलले. गॅरंटीसाठी शेड बँकेकडे तारण आहे, आणि अर्जाची पुढची तारीख दिवाळीनंतर.