बादलीभर गरम पाण्याचा हिशोब

गेल्या महिन्यात आमच्या मुलुंडच्या सात मजली इमारतीत वरच्या टाकीचा फ्लोट स्विच अडकला आणि वॉचमनला जाग येईपर्यंत पहाटे अर्धा तास गच्चीवरून पाणी कोसळत राहिले. सोसायटीचा सचिव या नात्याने मी कमिटीच्या बैठकीत पाणी आणि वीज दोन्ही वाया गेल्याबद्दल बरेच सुनावले. घरी येऊन नेमकी किती वीज गेली हे कागदावर मांडले, तेव्हा मात्र थोडा वरमलो.

एक हजार लिटर पाणी तीस मीटर उंच चढवायला, पंपाची कार्यक्षमता निम्मीच धरली तरी, साधारण ०.१६ युनिट वीज लागते. म्हणजे वाहून गेलेले पाणी पाच हजार लिटर धरले, तरी त्यामागची वीज एका युनिटहूनही कमी होती. याउलट २७ अंशांचे वीस लिटर पाणी ४२ अंशांपर्यंत तापवायला ०.३५ युनिट लागते. ज्या विजेवर दोन हजार लिटरांहून अधिक पाणी गच्चीवर चढते, ती आपण एका बादलीच्या अंघोळीत संपवतो. आणि शॉवर मिनिटाला आठ लिटर सोडत असेल, तर दहा मिनिटांत अशा चार बादल्या होतात. आपली वीज अजूनही मुख्यतः कोळशावर चालते. युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर त्या एका बादलीमागे पाव किलो वायू हवेत जातो.

यावरून पाणी वाया गेले तरी चालते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. तानसा आणि भातसा ही आपली धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि ही गोष्ट मुंबईकराला टोचायलाच हवी. पण पाण्याची चणचण आणि हवामानबदल या दोन प्रश्नांचे हिशोब वेगळे आहेत, आणि गळक्या नळाचे वायसर बदलून दुसरा प्रश्नही सुटला असे मी इतकी वर्षे मानत आलो होतो. त्याच काळात आमच्या घरचा गीझर सकाळी सहा ते नऊ चालू असायचा, कारण प्रत्येकाची अंघोळीची वेळ निराळी. आता सगळे लागोपाठ आटोपतात. आई मात्र पूर्वीपासून दुपारी बारालाच अंघोळ करते. मे महिन्यात काळ्या टाकीतून येणारे नळाचे पाणी त्या वेळी हाताला चटका देते, आणि तिने गीझरचे बटण कधी दाबल्याचे मला आठवत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मी गच्चीवरील सौर वॉटर हीटरचा विषय घातला आहे. अडचण खालच्या मजल्यांची आहे: तिथपर्यंत गरम पाणी पोहोचेस्तोवर पाइपात साचलेले थंड पाणी आधी सोडून द्यावे लागते, म्हणजे वीज वाचवताना पाणी जाणार. ते बादलीत धरून लादी पुसायला किंवा कुंड्यांना वापरावे, असे माझे म्हणणे आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी ती बादली ठेवायला बाथरूममध्ये जागा कुठे आहे, असे आत्ताच विचारून ठेवले आहे.