सीए फायनलची वही: जे ऑफिसात दिसत नाही ते आधी

२१ जून

काल शेवटची जीएसटीआर-३बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) गेली. आता महिनाअखेरपर्यंतचे दिवस म्हणजे आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसातली सक्तीची उमेदवारी) करणाऱ्या मुलांचा खरा अभ्यासाचा काळ. इंटरचे, म्हणजे फायनलआधीच्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप सुटले की पहिल्याच आठवड्यात वहीत 'रोज रात्री तीन तास' असं वेळापत्रक लिहिलं जातं. नाशिकच्या कुठल्याही ऑफिसात ते टिकत नाही. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० ला ३बी. त्यात कॅनडा कॉर्नरच्या ऑफिसातून सिन्नरच्या कारखान्यात ऑडिटला जाऊन परत यायचं, म्हणजे संध्याकाळ संपलीच. त्या रात्री कन्सॉलिडेशनचा (समूहातल्या कंपन्यांचे हिशोब एकत्र मांडायचा) प्रश्न सुटत नाही आणि सुटला नाही म्हणून आपण कच्चे आहोत असं उगाच वाटत राहतं.

म्हणून वेळापत्रक दिवसाचं नको, महिन्याचं हवं. २१ पासून पुढच्या ६ पर्यंत जड विषय, म्हणजे आकडे मांडून सोडवायचे प्रश्न. ७ ते २० मध्ये हलकं काम: ऑडिटचं एखादं स्टँडर्ड, पंधरा-वीस एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न), आधी सोडवलेल्या प्रश्नावर नुसती नजर. ऑगस्टच्या मध्यापासून ३० सप्टेंबरपर्यंत टॅक्स ऑडिट असतं, तेव्हा नवा धडा सुरूच करायचा नाही. नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनलला बसता येतं. त्या सहा महिन्यांवर सगळा भार टाकणारे पुष्कळ. पण त्या सहा महिन्यांत पहिलं वाचन करायचं नसतं, दुसरं आणि तिसरं करायचं असतं.

मग पहिल्या वाचनात काय घ्यायचं? इथेच बहुतेकांची गाडी उलटी जाते. आपल्याकडच्या ऑफिसात येतात कोण, तर सातपूर-अंबडचे छोटे कारखानदार, लासलगाव-पिंपळगावचे व्यापारी, बिल्डर, पतसंस्था. जीएसटी आणि इन्कम टॅक्स रोज हाताखालून जातं. त्यामुळे ते वाचताना ओळखीचं वाटतं, पानं भराभर उलटतात, अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं. उलट इंड-एएस (हिशोबाची नवी मानकं) लागू होतं ते शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आणि २५० कोटी किंवा जास्त नेटवर्थ असलेल्यांना (शिवाय त्यांच्या उपकंपन्यांना वगैरे). दोन वर्षांत इंड-एएसचा एकही ताळेबंद हातात न पडलेला आर्टिकल नाशिकमध्ये सहज सापडेल. जे कामात आपोआप मुरतं ते थोडं मागे ठेवलं तरी चालतं. फायनान्शियल रिपोर्टिंग (एफआर) आणि अॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट (एएफएम) कामात मुरत नाही, म्हणून हे दोन आधी.

२४ जून

एफआरबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला असतो की इंटरचं अॅडव्हान्स्ड अकाउंटिंगच थोडं मोठं करून इथे दिलंय. तसं नाही. इंटरमध्ये फॉरमॅट आला की निम्मे मार्क खिशात. फायनलमध्ये एखादी गोष्ट ताळेबंदात घ्यायची की नाही, कधी घ्यायची, किती रकमेला घ्यायची, हे आधी ठरवावं लागतं. फॉरमॅट नंतर येतो.

उदाहरण लीजचं घेऊ. पिंपळगावला शीतगृह ५ वर्षांसाठी भाड्याने घेतलं, वर्षअखेर १ लाख भाडं, व्याजदर १० टक्के. जुन्या मानकांतल्या एएस-१९ प्रमाणे ऑपरेटिंग लीज (मालकीचे फायदे-जोखीम मालकाकडेच) असेल तर दरवर्षी १ लाख खर्च, विषय संपला. इंड-एएस ११६ मध्ये भाडेकरूसाठी हा फरकच राहत नाही. भाड्यांची आजची किंमत काढायची: १,००,००० गुणिले ३.७९०८ (१० टक्क्यांनी पाच वर्षांचा गुणक), म्हणजे ३,७९,०८०. तेवढीच मालमत्ता, तेवढीच देणी. पहिल्या वर्षी व्याज ३७,९०८, घसारा ७५,८१६, एकूण १,१३,७२४. पाचव्या वर्षी व्याज उरतं ९,०९१ आणि एकूण खर्च ८४,९०७. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे ५ लाखच. बदललं काय, तर कुठल्या वर्षी किती खर्च दिसतो आणि ताळेबंदावर कर्ज दिसतं की नाही. हे एकदा स्वतः कोष्टक मांडून पाहिलं की १२ महिन्यांपर्यंतच्या आणि कमी किमतीच्या लीजला सूट का दिली आहे तेही समजतं.

चूक कुठे होते? भाडं वर्षाच्या सुरुवातीला द्यायचं असेल तिथे. पहिला लाख त्याच दिवशी दिला, तो देणीत येत नाही. देणी उरलेल्या चार भाड्यांची, म्हणजे ३.१६९९ ने ३,१६,९९०. मालमत्तेत मात्र तो पहिला लाख धरायचा, ४,१६,९९०. प्रश्नातला 'इन अॅडव्हान्स' एवढा शब्द निसटला की पुढची पाचही वर्षं चुकतात. आणि लीज देणाऱ्याच्या पुस्तकांत फायनान्स-ऑपरेटिंग फरक अजून शाबूत आहे, हे विसरलं की दुसरा फटका.

गुडविलचंही तसंच. एएस-१४ मध्ये मर्जरचं गुडविल (निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) साधारण ५ वर्षांत राइट ऑफ करायचं. इंड-एएस १०३ मध्ये ते राइट ऑफ होत नाही, दरवर्षी इम्पेअरमेंट (किंमत घटली का ते) तपासायचं. इंटरचा हात सवयीने पाचाने भागतो.

२८ जून

नाशिकच्या मुलांनी इंड-एएस ४१ ऑप्शनला टाकावं हे मात्र पटत नाही. शेतीचं स्टँडर्ड आहे, छोटं आहे, आणि त्याच्या तक्त्यात द्राक्षवेल, द्राक्ष आणि वाइन अशी साखळीच दिली आहे. दिंडोरीकडचा एखादा बाग डोळ्यांसमोर आणायचा. वेल हा 'बेअरर प्लांट', वर्षानुवर्षं फळ देणारा, म्हणून तो इंड-एएस १६ मध्ये, यंत्रासारखा घसारा लावून. वेलीवर लटकलेला घड ही जैविक मालमत्ता, ती इंड-एएस ४१ मध्ये, रास्त मूल्यातून विक्रीखर्च वजा करून. घड कापला त्या क्षणीही मूल्य तसंच काढायचं आणि तीच रक्कम पुढे इंड-एएस २ साठी कॉस्ट धरायची. टाकीत गेल्यावर तो वाइनरीचा साठा. एकाच बागेत तीन स्टँडर्ड.

आपल्याकडे गाळप साधारण जानेवारी ते मार्च चालतं, म्हणजे ३१ मार्चला टाक्या भरलेल्या असतात आणि वेलीवर फारसं काही नसतं. परीक्षेतला प्रश्न नेमका याच्या उलट असतो: ताळेबंदाच्या तारखेला फळ अजून वेलीवर. मग वेलीची किंमत आणि फळाची किंमत वेगळी करा म्हणतात आणि लोक दोन्ही मिळून रास्त मूल्य लावून मोकळे होतात. जुन्या एएसमध्ये शेतीसाठी वेगळं स्टँडर्डच नाही, त्यामुळे इंटरची शिदोरी इथे उपयोगी पडत नाही.

३ जुलै

एएफएम. पोर्टफोलिओ, बॉण्ड, डेरिव्हेटिव्ह हे सगळं पुस्तकातूनच शिकावं लागतं, पण परकीय चलन आपल्याकडे घरचं आहे. द्राक्ष निर्यातदार युरोत बिल करतो, पैसे उशिरा येतात, म्हणून बँकेत फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा दर आजच ठरवणारा करार) बुक करतो. ऑफिसात असा एखादा क्लायंट असेल तर त्याची बँकेची डेबिट अॅडव्हाइस (खात्यातून रक्कम वजा केल्याची सूचना) मागून घ्यावी. शंभर उदाहरणांचं काम ती करते.

समजा त्याने ५०,००० युरो १०१.२० ने विकायचे ठरवले. कंटेनर अडकला, पैसे आले नाहीत, मुदतीच्या दिवशी करार रद्द. त्या दिवशी स्पॉट (चालू दर) १०२.०५ / १०२.१५, म्हणजे बँकेचा घ्यायचा (बिड) / विकायचा दर. इथे अर्धा वर्ग १०२.०५ लावतो, कारण निर्यातदार म्हणजे बिड रेट असं डोक्यात बसलेलं असतं. पण मूळ करारात बँक घेणार होती, रद्द करताना बँक विकणार, म्हणून १०२.१५. फरक ९५ पैसे, नुकसान ४७,५००. चुकीच्या दराने ते ४२,५०० येतं. प्रत्येक प्रश्नात आधी समासात लिहायचं: बँक आज काय करतेय, घेतेय की विकतेय? उत्तर सुचल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही. मुदत वाढवायची असेल तर आधी हेच रद्दीकरण आणि मग नव्या फॉरवर्ड दराने नवा करार, अशा दोन पायऱ्या. थेट नव्या दरावर उडी मारली की रद्दीकरणाचं नुकसान उत्तरातून गायब होतं.

१० जुलै

उद्या जीएसटीआर-१, आज थोडकंच. ऑडिट.

ऑफिसात ऑडिट करणं आणि पेपरात ऑडिट लिहिणं यांचा एकमेकांशी संबंध कमी. प्रत्यक्षात व्हाउचिंग (पावत्या तपासणं) आणि लेजर स्क्रुटिनीत (खातेवही तपासण्यात) दिवस जातो, पेपरात विचारतात मत कुठलं द्यायचं. ऑडिटरच्या मतांबद्दलच्या एसए ७०५ या स्टँडर्डचा चौकोन मनात पक्का हवा. चूक सापडली आणि ती मटेरियल (दखल घेण्याएवढी मोठी) आहे, पण सगळीकडे पसरलेली नाही: क्वालिफाइड (तेवढं सोडून बाकी ठीक). पसरलेली आहे: अॅडव्हर्स (हिशोब बरोबर नाहीत). पुरावाच मिळाला नाही आणि परिणाम पसरलेला असू शकतो: डिस्क्लेमर (मत देता येत नाही). व्यापाऱ्याच्या गोदामातल्या मालाची मोजणी ३१ मार्चला पाहता आली नाही, एवढ्यावर कुणी डिस्क्लेमर लिहीत नाही. नंतर मोजून मधली आवक-जावक जुळवता येते का, हे एसए ५०१ आधी विचारतं. उत्तरात स्टँडर्डचा नंबर, प्रसंगाला लावलेला नियम, निष्कर्ष हे तिन्ही हवेत. निष्कर्षाचं वाक्य न लिहिता सोडलेली उत्तरं फार असतात. नंबर आठवत नसेल तर चुकीचा लिहू नये, नुसता नियम लिहावा.

एथिक्स (सीएची आचारसंहिता) मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. १९४९ च्या सीए कायद्याची दोन परिशिष्टं, कलमं थोडी, मार्क खात्रीचे.

१५ जुलै

डायरेक्ट टॅक्सबद्दल सध्या गोंधळ आहे आणि तो खरा आहे. इन्कम टॅक्स अॅक्ट २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. पण आत्ता ऑफिसात जी रिटर्न भरली जातायत ती २०२५-२६ या आर्थिक वर्षाची, म्हणजे १९६१ च्या कायद्याखालची. त्याच टेबलावर यंदाचा टीडीएस नव्या कायद्याने कापला जातोय: पगार सोडून बाकीचं जवळपास सगळं कलम ३९३ खाली, जिथे काल १९४सी, १९४जे होतं. टॅक्स ऑडिटचं ४४एबी तिकडे ६३ झालंय. प्रीव्हियस इयर आणि असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं.

यावर उपाय साधा. आपल्या अटेम्प्टला कुठला कायदा लागू आहे ते सीए इन्स्टिट्यूटच्या सूचनेत पाहायचं आणि तेच मटेरियल घ्यायचं. सीनियरच्या जुन्या नोट्स कितीही सुबक असल्या तरी यंदा त्या कपाटात. आणि नुसते कलमांचे जुने-नवे नंबर घोकू नयेत. आधी संकल्पना, शेवटच्या महिन्यात नंबर. जीएसटीतही २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, तेव्हा त्याआधीच्या पुस्तकातली दरांची उदाहरणं तारीख बघूनच सोडवायची.

२३ जुलै

मार्कांचं गणित. प्रत्येक पेपरात किमान ४०, ग्रुपच्या ३०० पैकी १५०. ग्रुप अडकला तरी एखाद्या पेपरात ६० आले तर त्या पेपरातून पुढच्या तीन अटेम्प्टना सूट. दोन्ही ग्रुप एकत्र दिले आणि प्रत्येक पेपरात ४० असतील, तर ६०० पैकी ३०० वर एका ग्रुपची तूट दुसऱ्याने भरून निघते. हा फायदा खरा, पण सहा विषयांची उजळणी पूर्ण झाली असेल तरच. अर्धवट सहापेक्षा नीट तीन बरे. २०२५ पासून फायनल जानेवारी, मे, सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते, त्यामुळे दुसऱ्या ग्रुपसाठी पूर्वीसारखे सहा महिने थांबावं लागत नाही.

वेळेचं गणित यापेक्षा निर्दयी आहे. तीन तासांच्या पेपरात ३० मार्कांचे केसवर आधारित एमसीक्यू, ७० मार्कांचं वर्णनात्मक. त्यात पहिला प्रश्न सक्तीचा आणि उरलेल्या पाचांतले चार, प्रत्येकी १४ मार्क. एमसीक्यूला ४५ मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला २६. झाली १७५, हातात ५. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही गोल कोरा ठेवायचा नाही. एफआरमध्ये कन्सॉलिडेशनचा १४ मार्कांचा प्रश्न ४० मिनिटं खातो आणि शेवटचा प्रश्न तसाच राहतो. २६ मिनिटं झाली की ताळेबंद जुळो न जुळो, पुढे. वर्किंग नोट्सना मार्क असतात.

उजळणीच्या वहीचा आकार याच हिशोबाने ठरतो. दोन पेपरांमधल्या वेळेत जेवढं एकदा वाचून होतं तेवढीच वही. एफआरची शंभर-सव्वाशे पानं पुष्कळ झाली.

२७ जुलै

शेवटचा पेपर, इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स, ओपन बुक, चार तास. पुस्तकं नेता येतात म्हणून लोक पोतंभर नेतात आणि उघडतात दोनदा. केस एकाच कंपनीची, प्रश्न मात्र टॅक्स, ऑडिट, एफआर, कायदा सगळीकडचे. काय शोधायचं हे माहीत असेल तरच पुस्तक कामाला येतं. पुस्तकाच्या कडेला रंगीत पट्ट्या लावून स्वतःची विषयसूची दोन पानांत करावी.

फायनलला बसण्याआधी स्वतः शिकून द्यायच्या चार सेटपैकी सेट ए आणि बी, म्हणजे कायदा आणि कॉस्टिंग, हे ऑनलाइन असतात, ५० टक्के लागतात. ते टॅक्स ऑडिट संपल्यावर, दिवाळीनंतरच्या मोकळ्या दिवसांत उरकावेत. पण पास झालो की विसरलो असं करू नका, हेच विषय या शेवटच्या पेपरात परत येतात. सेट सी आणि डी मध्ये निवडीला वाव आहे, तिथे ऑफिसात जे काम दिसतं तेच घ्यावं.

आणि सप्टेंबर २०२७ चा अटेम्प्ट ज्यांच्या वाट्याला येईल त्यांनी फॉर्म भरताना केंद्राचा विचार आधी करावा. त्याच सुमारास सिंहस्थाची पर्वणी आहे, पंचवटीकडून कॉलेज रोडला यायलाही रस्ते बंद असू शकतात. नाशिकच ठेवायचं असेल तर राहायची सोय केंद्राच्या बाजूला, पुलाच्या अलीकडे की पलीकडे ते बघून.