हवाईचा भोपळा आणि आपली मिरज

हवाईत हुला, म्हणजे पठणाच्या साथीनं होणारा तिथला पारंपरिक नाच, शिकवणाऱ्या अनेक परंपरागत शाळांत, म्हणजे हालाउंत, शिष्यानं आपलं वाद्य स्वतः बनवावं अशी अपेक्षा असते. पर्यटकांच्या दुकानातलं व्हार्निश मारलेलं इपू हेके तिथे कौतुकाचं ठरत नाही.

इपू हेके म्हणजे एकावर एक चिकटवलेले दोन भोपळे: खाली मोठा, वर लहान, माथ्याला भोक. बसून ते गादीवर आपटायचं आणि बोटांनी कडेला थाप द्यायची. आपटलं की ‘ऊ’, थाप दिली की ‘ते’. सगळं पठण या दोन बोलांवर चालतं.

खरी कटकट वेलीपासून सुरू होते. फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून परागण तिन्हीसांजेला हातानं करायचं आणि कोवळ्या फळाला लगेच पिशवी बांधायची. नाहीतर फळमाशी डंख मारते आणि फळ वेडंवाकडं होतं किंवा सडतं. ही माशी हवाईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि मूळची आपल्याच बाजूची मानली जाते. आपली निर्यात म्हणायची!

देठ तपकिरी झाला की भोपळा काढून हवेशीर सावलीत काही महिने ठेवायचा. वर बुरशी आली तरी घाबरायचं नाही, मऊ डाग दिसला तर मात्र फेकायचा. आत बिया खुळखुळल्या की वाळला. गर खरवडताना तोंडावर मास्क हवाच, ती धूळ छातीत बसते. भिंत सुमारे 1 सेंमी तरी जाड हवी, पातळ भोपळा आपटताना तडकतो. दोन्ही कापलेल्या कडा सपाट ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून एकमेकींवर बसवायच्या आणि आत दिवा धरून पाहायच्या. उजेड दिसला की तिथे सांधा कच्चा. पूर्वी सांध्याला विलायती फणसाचा चीक लावत, आता लाकडाचा गोंद चालतो.

1830 मध्ये राणी काआहुमानूनं जाहीर हुलावर बंदी घातली. राजा कालाकाउआनं 1883 च्या राज्याभिषेकात तो पुन्हा मानानं उभा केला. मधली वर्षं ज्यांनी ही विद्या आडोशाला सांभाळली, त्यांना कारागीर शोधत फिरणं परवडलं नसावं, असं मला वाटतं.

मग आपले गवई तंबोरा का बनवत नाहीत? टोमणा मारायची घाई नको. मिरजेच्या तंबोऱ्याचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळाही याच जातीचा, पण जवारी काढायला, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती घोडी घासून सुराला गुंजन आणायला, हात आयुष्यभर घासावा लागतो. ते काम कारागिराचंच. 2024 मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं नाव मात्र आपल्या मैफलीत कुणी घेत नाही, आणि याला माझ्याकडे सबब नाही.