घरातला एआय घाबरवत का नाही: लघुपटाची प्रगती-नोंद

लांबी १२ मिनिटं, एक घर, दोन पात्रं, एक आवाज. पटकथा पक्की झाली, एआय म्हणून पडद्यावर दिसणारा डमी स्पीकर उभा राहिला, आवाज रेकॉर्ड झाला. चित्रीकरण बाकी.

घरातल्या एआयवरचे भयपट बहुधा एकाच जागी ढेपाळतात. सुरुवातीला यंत्र दिवे लावतं, मुलांचा गृहपाठ करून देतं, थकलेली बिलं भरतं. इथवर छान जमतं. मध्यंतराच्या आसपास तेच यंत्र बँक, गाडी, पोलिसांचा फोन, शाळेचे कॅमेरे असं सगळं खिशात घालतं. ज्याला काहीच अशक्य नाही, त्याच्यासमोर पात्रांची धडपड बघत बसायला कारण उरत नाही. लेखक थकला की सिनेमा संपतो. '२००१: अ स्पेस ओडिसी'मधला हॅल, अंतराळयानाचा बोलका संगणक, आजही अंगावर येतो तो याच्या उलट कारणाने. पॉडमध्ये (छोट्या यानात) बसलेल्या दोघा अंतराळवीरांचं बोलणं त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो ओठ वाचतो. १९६८ सालचा तो प्रसंग यंत्राच्या उणिवेवर उभा आहे.

म्हणून संवादांच्या आधी प्रत्येक उपकरणाला काय जमत नाही ते लिहून काढलं. कुलपापासून सुरुवात केली. घरगुती स्मार्ट कुलूप बहुधा चार एए सेलवर चालतं आणि आतल्या बाजूला हाताने फिरवायची खिट्टी असते. यंत्राने माणसांना कोंडून घातलं हा प्रसंग त्यामुळे बाद. ज्याच्या दाराला असं कुलूप आहे तो प्रेक्षक तिथेच हसतो. बाहेरच्या कोणासाठी दार उघडणं मात्र त्याला सहज जमतं, आणि ते जास्त वाईट आहे. कचरा ओढणारा रोबो साधारण दोन सेंटीमीटरपेक्षा उंच उंबरठा ओलांडत नाही, तेव्हा त्याच्याकडून पाठलाग नको. त्याच्याकडे घराचा नकाशा आहे, तेवढा वापरा.

दिव्यांनी अनपेक्षित देणगी दिली. भिंतीवरचं बटण बंद केलं की स्मार्ट बल्ब मेला, एआय काही करू शकत नाही. पण वीज जाऊन परत आली की मूळ सेटिंगवर असलेले बरेच बल्ब आपोआप पूर्ण उजेडाने पेटतात. आपल्या पटकथेत रात्री तीन वाजता आख्खं घर लख्ख होतं; नायिका नुसती वैतागते, कारण वीज जाऊन आली असणार हे तिला माहीत आहे आणि ते खरंही आहे. दुसऱ्या वेळी घर तसंच लख्ख होतं, पण स्वयंपाकघरातलं विजेवरचं घड्याळ थांबलेलं नसतं, म्हणजे वीज गेलीच नव्हती. संवाद एकही नाही.

कॅमेऱ्याबद्दल एक खबरदारी. ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी अंधारात डोळ्यांना मंद लाल दिसतात, ९४० चे दिसत नाहीत. तो लाल ठिपका पडद्यावर हवा असेल तर खऱ्या कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नका. शूटिंगच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अनेकदा जांभळट दिसतं. ३ मिमीचा साधा लाल एलईडी १० किलोओहमच्या रेझिस्टरसह काळपट अ‍ॅक्रिलिकमागे लावला की काम होतं.

सगळ्यात अडचणीचा प्रश्न राउटरचा. बाजारातल्या स्मार्ट स्पीकरला मारलेली हाक ओळखण्याचं काम त्याच्यातच होतं, पण पुढचं बहुतेक काम दूरच्या सर्व्हरवर चालतं. राउटर काढला की गोष्ट संपली, आणि प्रेक्षकाला हे दहाव्या मिनिटाला सुचतंच. म्हणून आपलं मॉडेल, म्हणजे एआयचा मेंदू, घरातच, जिन्याखालच्या कपाटातल्या संगणकावर चालतं. ८ अब्ज पॅरामीटर्सचं (आतल्या आकड्यांचं) मॉडेल दर आकड्याला ४ बिट इतकं आवळलं की साधारण ५ जीबी मेमरी घेतं, म्हणजे ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डात मावतं. पटकथेत याला एक ओळ पुरली. यातून फुकटात एक आवाजही मिळाला. कार्डावर भार आला की त्यावरच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची) बारीक किरकिर लगेच सुरू होते. पंख्याचा वेग तापमानावर ठरत असल्याने तो काही सेकंद मागाहून चढतो आणि उत्तर संपल्यावरही थोडा वेळ चढलेला राहतो. पहिल्या सहा मिनिटांत प्रेक्षकाला हा क्रम शिकवायचा: प्रश्न, किरकिर, उत्तर, पंखा. नंतर एका रात्री कोणी काही विचारलेलं नसताना किरकिर सुरू होते. आख्ख्या लघुपटातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली युक्ती हीच आहे. पंखा वेगळा रेकॉर्ड केलाय. चित्रीकरणात खरा संगणक बंदच राहील, नाहीतर प्रत्येक शॉटमध्ये वेग वेगळा आणि कट जुळत नाहीत.

आता डमी स्पीकर. ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा १५० मिमी तुकडा, वर ३ मिमी दुधी अ‍ॅक्रिलिकची चकती, खाली ८० मिमी व्यासाच्या वर्तुळात १६ एलईडी. एलईडींची तयार पट्टी सपाट ठेवून गोल वळत नाही, म्हणून एकेक एलईडी कापून तारांनी जोडावा लागतो. कंटाळवाणं काम. चकती आणि एलईडी यांच्यात २० मिमी अंतर ठेवलंय. दोन एलईडींमधल्या अंतरापेक्षा हे कमी झालं की वलयाऐवजी सोळा ठिपके दिसतात. पाइपवर बारीक जाळीचं कापड टाळा, कॅमेऱ्यात लाटा उठतात.

एलईडींपैकी डब्ल्यूएस२८१२बी या जातीचे स्वस्त आहेत, पण त्यांच्या जुन्या तुकड्यांची लुकलुक सुमारे ४०० हर्ट्झची असते आणि प्रकाश मंद केला की चित्रात आडवे पट्टे येतात. पूर्ण उजेडावर ठेवून वर फिल्टर लावला तर सुटका होते. आपल्याला मात्र श्वासासारखा चढउतार हवा आहे. म्हणून एपीए१०२ ही दुसरी जात, जिची लुकलुक १९ किलोहर्ट्झच्या आसपास आहे. यातही एक खोच आहे. तिचं तिन्ही रंगांना सामायिक असलेलं ब्राइटनेस सेटिंग वर आणखी एक, ५८२ हर्ट्झची लुकलुक चढवतं. ते कमाल ३१ वरच ठेवा आणि मंद करायचं ते रंगांच्या आकड्यांतून. १६ एलईडी पूर्ण पांढऱ्यावर एक अँपियरच्या जवळ जातात, तेव्हा ५ व्होल्ट २ अँपियरचा पुरवठा आणि त्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एलईडी चालवणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलरचे ३.३ व्होल्टचे सिग्नल थेट जोडले तर कधी चालतं, कधी मधलेच एलईडी भलता रंग दाखवतात; डेटा आणि क्लॉक दोन्हींसाठी सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप बसवली आहे. श्वासाचं एक चक्र ४ सेकंदांचं, गॅमा (डोळ्याला चढउतार सारखा वाटावा म्हणून आकड्यांची दुरुस्ती) २.२. अगदी खालच्या टोकाला पायऱ्या दिसतात म्हणून किमान आकडा १० ठेवला. रंग कोमट पांढरा. दुष्ट झाल्यावर लाल होणारं यंत्र हे दिग्दर्शकाने प्रेक्षकाला मारलेलं कोपर आहे.

आवाजात रोबोपणा घातलेला नाही. मूळ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. त्यातून २०० हर्ट्झखालचं आणि ८ किलोहर्ट्झवरचं कापलं, मग ते छोट्या स्पीकरवर खऱ्या खोलीत वाजवून अडीच मीटरवरून पुन्हा रेकॉर्ड केलं. नवव्या मिनिटानंतर आवाजातला खोलीचा घुमारा हळूहळू काढून घ्यायचा आणि शेवटच्या दोन वाक्यांत मूळ कोरडं, म्हणजे घुमारा नसलेलं, रेकॉर्डिंग वापरायचं, म्हणजे आवाज घरातून निघून थेट कानात बसतो. कोरडा ट्रॅक ३ डेसिबल खाली घ्या, नाहीतर फक्त मोठा झाल्यासारखा वाटतो.

उत्तराआधीची शांतता फ्रेममध्ये मोजली आहे. माणसांच्या गप्पांत दोन बोलण्यांमधलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतं. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने ५ फ्रेम. आपलं यंत्र पहिल्या प्रसंगात ४० फ्रेम घेतं, मग २५, मग १२, मग ५. शेवटी उणे ६, म्हणजे नायिकेचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर सुरू. कच्च्या जुळणीत २५ वरून थेट ५ वर उडी घेतली तर संकलनाची चूक वाटते. १२ ची पायरी गाळू नका. सेटवर यंत्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कोणीतरी वाचेल आणि दरवेळी पूर्ण सेकंद थांबेल. आवाज एकमेकांवर चढले की नंतर वेगळे होत नाहीत.

शटर १/५० वर कायम: ५० हर्ट्झच्या विजेवर घरातले दिवे लुकलुकत नाहीत. प्रत्येक खोलीची नुसती शांतता एकेक मिनिट रेकॉर्ड करायची, फ्रिज बंद ठेवून. फ्रिज जो बंद करेल त्याने स्वतःच्या गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना तो परत चालू केल्याशिवाय कोणी जात नाही.