फुलांच्या दरीच्या अलीकडचे तीन किलोमीटर

‘पुलना ते घांगरिया सोपी पायवाट, सहकुटुंब येता येईल,’ असं आमच्या सहल आयोजकाने पाठवलेल्या पत्रकात लिहिलं होतं. घांगरिया म्हणजे उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीच्या (व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या) अलीकडचं मुक्कामाचं ठिकाण. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी, ताई आणि भाऊजी असे तिघं साताऱ्याहून ती दरी बघायला गेलो. तिघांनाही चालायची सवय आहे. आठवड्यातून तीनदा अजिंक्यतारा असतो, गेल्या पावसाळ्यात कळसूबाई केलं. त्यामुळे चढाची धास्ती नव्हती आणि चढाने त्रास दिलाही नाही. ताईचा गुडघा दुखावला तो खेचरामुळे, आणि तिला एवढ्या लांब येऊन दरी न बघता परत फिरावं लागलं. म्हणून हे लिहिते आहे. ऋषिकेश ते जोशीमठ रस्ता, येताना केलेलं बद्रीनाथ, हे सगळं व्यवस्थित पार पडलं. त्यावर वेळ घालवत नाही.

गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत चार किलोमीटर शेअर जीप जाते. तिथून चालायचं. लक्ष्मणगंगेच्या काठाने भ्यूंडारपर्यंतची वाट चांगली आहे. रुंद आहे, चढ बेताचा आहे, मध्ये चहाच्या टपऱ्या आहेत. भ्यूंडारला पूल ओलांडून पलीकडच्या काठाला लागलात की शेवटचे तीन किलोमीटर सुरू होतात. २०१३ च्या जूनमधल्या पुरात भ्यूंडार गाव आणि जुनी वाट दोन्ही वाहून गेलं. नवी वाट जागा मिळेल तिथून काढावी लागली, त्यामुळे ती डोंगराच्या अंगावर सरळ चढत जाते. वाटेला दगड बसवलेले आहेत. त्यावर खेचरांची लीद, त्यावर पाऊस. दिवसभर शेकडो खुरांनी ते सगळं कालवून निघतं आणि दगड कुठे आहे, खड्डा कुठे आहे ते दिसेनासं होतं. वासाने डोकं भणभणतं.

वर जाणारी खेचरं लादलेली असतात, ती संथ चालतात. भीती असते ती उतरणाऱ्या रिकाम्या खेचरांची. ती उतारावर धावत सुटतात, मालक मागे कुठेतरी राहिलेला असतो. घंटा ऐकू आली की वळणावर थांबू नका आणि दरीच्या बाजूला तर कधीच उभं राहू नका, डोंगराला पाठ लावून उभे राहा. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ताई बाहेरच्या बाजूला होती. एका खेचराच्या खोगिराचा लाकडी कोपरा तिच्या दंडाला लागला, ती फिरली आणि गुडघ्यावर पडली. कठड्यापासून हातभर अंतर राहिलं होतं. तिला धरून ते उरलेलं अंतर चढायला आम्हाला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत माझ्या मनात एकच विचार होता, की या वाटेवर एका वेळी किती जनावरं सोडायची हे कोणीतरी ठरवायला नको का?

घांगरियात पोचल्यावर दुसरा धडा मिळाला, तो पैशांचा. आमच्या दोन सॅक पुलन्याहून खेचरावर टाकल्या होत्या. जे ठरलं होतं त्यापेक्षा पाचशे रुपये जास्त दिल्याशिवाय खेचरवाले सॅक खाली उतरवेनात. पुलन्याला काउंटरवर पावती घ्या आणि सामान पोचेपर्यंत ती सांभाळा. आम्ही काउंटरपासून दूर, तोंडी व्यवहार केला, म्हणून फसलो. सॅक आठ किलोच्या आत ठेवली तर खेचराची गरजच नाही. पाठीवर घ्या. आंघोळीच्या गरम पाण्याच्या बादलीचा दर खोली घेण्याआधी विचारा.

दुसऱ्या दिवशी ताईचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. भाऊजी तिच्याजवळ थांबले. दरीच्या फाटकाच्या आत खेचरांना बंदी आहे. पाठीला कंडी, म्हणजे वेताची खुर्चीवजा टोपली, लावून माणसाला नेणारे मिळतात. मी चौकशी करून आले, तर ताई म्हणाली, “माणसाच्या पाठीवर बसून मला फुलं बघायची नाहीत. तू जा आणि मला सगळं सांग.” मग मी एकटीच सात वाजता फाटकाशी गेले. आधार कार्ड आणि दोनशे रुपये. दुपारनंतर कोणाला आत सोडत नाहीत आणि पाचच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं. आत दुकान नाही, टपरी नाही, तंबू ठोकायला परवानगी नाही.

फाटकातून दहा मिनिटं आत गेले आणि लिदीचा वास संपला. ओल्या मातीचा आणि पानांचा वास यायला लागला. पुष्पावतीचा पूल, मग भूर्जवृक्षांच्या रानातून दमवणारा चढ, आणि मग एकदम दरी उघडते. कासच्या पठारावर सप्टेंबरात गुलाबी गालिचा पसरतो तो तेरडा इथे माझ्या कमरेच्या वर उंच होता. म्हणजे जात वेगळी, पण फूल बघितल्याबरोबर ओळख पटते. जांभळे जिरेनियम, पिवळी-लाल पोटेन्टिला, आणि एका खडकाच्या आडोशाला निळ्या खसखशीची चार फुलं. इतकी पातळ पाकळी आणि इतका निळा रंग, मी पावसात दहा मिनिटं तिथेच उभी होते. डोळे भरून आले. ताई सोबत हवी होती.

बहुतेक लोक दरी उघडते त्या पहिल्या सपाटीवर फोटो काढून मागे फिरतात. फिरू नका. अजून दोनेक किलोमीटर पुढे जोन मार्गारेट लेग या ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक बाईची कबर आहे. ती लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी वनस्पती गोळा करायला आली होती आणि १९३९ साली इथेच कड्यावरून घसरून गेली. तिथपर्यंत चाललात तर माणसं विरळ होतात आणि दरी खरी दिसते. त्यासाठी सातला फाटकावर असायला हवं. साडेनऊला निघणारा तिथपर्यंत पोचून पाचच्या आत परत येतो तो धापा टाकत.

दरी इतकी निर्मळ राहिली याचं श्रेय मी त्या पाच वाजताच्या नियमाला देते. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना या दरीत उतरला आणि त्यानंतर ती जगाला माहीत झाली. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र साडेसत्याऐंशी चौरस किलोमीटर. त्याच सुमारास शेजारच्या नंदादेवी शिखराच्या परिसरात गिर्यारोहकांच्या मोहिमांनी केलेली नासाडी इतकी वाढली होती की तो गाभा सगळ्यांनाच बंद केला. इथे मात्र बंदी न घालता दिवसापुरतं दार उघडं ठेवलं. रात्री माणूस नाही, चूल नाही, जनावर नाही. २००५ साली नंदादेवीच्या जोडीने जागतिक वारसा यादीत नाव गेलं. माझ्या मते आपल्याकडच्या कितीतरी जागांना हा एवढा एक नियम पुरेल.

पण या नियमाची किंमत कोणी दिली तेही मला आतच समजलं. कबरीच्या अलीकडे काही बायका आणि पुरुष गुडघाभर ओल्या झाडोऱ्यात वाकून एक उंच झुडूप मुळासकट उपटत होते. त्याला तिथे अमेला म्हणतात. दाट वाढतं, त्याच्या सावलीखाली दुसरं काही उगवत नाही. वनखातं दरवर्षी माणसं लावून ते काढतं. त्यांच्यातल्या एका बाईशी बोलले. ती भ्यूंडारची. तिच्या सासऱ्यांच्या काळात गावच्या मेंढ्या उन्हाळ्यात या दरीत चरायला यायच्या. उद्यान झालं आणि चराई बंद झाली. “दीदी, भेड़ थी तब अमेला इतना नहीं था,” ती म्हणाली. अभ्यासकांमध्ये यावर वाद आहे. कोणी म्हणतं मेंढ्या त्याला दाबून ठेवत होत्या, कोणी म्हणतं मेंढ्यांच्या तुडवण्यामुळेच त्याला जागा मिळाली. मी वनस्पतिशास्त्राची नाही. मला एवढं दिसलं, की जिथे उपटलं होतं तिथे फुलं होती आणि पलीकडच्या उतारावर जिथे हात पोचला नव्हता तिथे एकच एक हिरवं रान माजलं होतं. तिकिटाच्या पैशातून आधी हे काम व्हावं, फलक आणि बाकडी नंतर.

तिच्या मुलाकडे दोन खेचरं आहेत. तीही त्याच वाटेवर चालतात. हे ऐकल्यावर आदल्या दिवशीचा माझा राग तसाच राहिला नाही. चराई गेली, पूर आला, गाव गेलं. हातात राहिला तो चार महिन्यांचा हंगाम. खेचरं पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही.

पण मोजणी चुकीच्या ठिकाणी होते आहे, हे मी ठामपणे म्हणते. दरीत वर्षाला पंधरा-वीस हजार माणसं जातात. त्याच वाटेने हेमकुंड साहिबला, म्हणजे घांगरियाच्या वर असलेल्या शिखांच्या तीर्थस्थानाला, जाणारे यात्रेकरू लाखांत असतात, आणि घांगरियापर्यंत दोघांची वाट एकच. फाटकावर पावती फाडून दरी वाचते, पण सगळा भार घांगरिया आणि त्या तीन किलोमीटरांवर पडतो. लीद, बाटल्या, वेफर्सची पाकिटं शेवटी नदीतच जातात. भ्यूंडारच्या इको विकास समितीची माणसं कचरा गोळा करताना दिसली. ती नसती तर काय झालं असतं ते बघवलं नसतं. आमच्या कासला फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, बुकिंग ऑनलाइन केलं, व्यवस्था आजूबाजूच्या गावांच्या समितीच्या हाती दिली. सुरुवातीला आम्ही सातारकरांनीच कुरकुर केली होती, आज तिथे गाड्यांखाली फुलं चिरडली जात नाहीत. पुलन्याला तसंच करता येईल. माणसांना अडवू नका, श्रद्धेने येणाऱ्याला तर नकोच. जनावरांची रोजची संख्या ठरवा, आणि चढणाऱ्या पायी माणसांसाठी सकाळचे तीन तास मोकळे ठेवा. मालकांना पाळीने काम आणि ठरलेला दर मिळाला तर त्यांचंही नुकसान नाही.

हेमकुंडला मी गेले नाही. ताईला सोडून दुसरा दिवस काढायची इच्छा झाली नाही. जाणाऱ्यांनी सहा किलोमीटरच्या उभ्या चढासाठी पहाटे निघावं, वर मुक्कामाची सोय नाही, त्याच दिवशी खाली यावंच लागतं. यात्रा नोंदणी घरूनच करा, रस्त्यात तपासतात.

सामानाचं थोडक्यात सांगते. घोट्याच्या वर येणारे आणि तळ न घसरणारे बूट, दोन काठ्या, गुडघ्याच्या खालपर्यंत पोचेल असा पोंचो, मोज्यांचे चार जोड. छत्री नको, खेचर बुजतं. पाण्याची स्वतःची बाटली न्या आणि जेवढं प्लास्टिक नेलं तेवढं गोविंदघाटपर्यंत परत आणा. दरीसाठी दोन दिवस ठेवा, एक दिवस पावसात वाया जाऊ शकतो. गुडघे कमजोर असलेल्या कोणालाही मी जुलै-ऑगस्टमध्ये या वाटेने पायी नेणार नाही, पत्रकात काहीही लिहिलेलं असो. गोविंदघाटहून घांगरियाला हेलिकॉप्टर जातं. हवामान असेल तर त्यांना त्याने न्या आणि पैशांकडे बघू नका.

परतीच्या दिवशी आम्ही पहाटे साडेचारलाच बॅटरीच्या उजेडात घांगरिया सोडलं. वाटेवर कोणी नव्हतं. रात्रीच्या पावसाने दगड धुतले गेले होते. ताई दोन्ही काठ्या टेकत, दर वळणावर थांबत, कोणाच्या आधाराशिवाय उतरली. मागून पहिली घंटा ऐकू आली तेव्हा आम्ही भ्यूंडारचा पूल ओलांडला होता.